२०२७ नंतर एपीके बंद? प्ले स्टोअरबाहेरच्या अ‍ॅपवाल्यांनी काय करायचं?

कृष्णाकाठ
मंडळी, नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो, आज काम अडलंय म्हणून धागा काढतोय.

मी गावोगावच्या दूध संस्थांसाठी एक छोटं अ‍ॅप करतो. संकलनाला उत्पादक आला की काट्यावरून लिटर, फॅट मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) ब्लूटूथने घ्यायचं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची, पावती छापायची. दहा दिवसांनी बिल. सांगली-कोल्हापूरकडच्या चाळीसेक संस्था वापरतात. अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही, कधीच नव्हतं. नवीन आवृत्ती झाली की एपीके (म्हणजे फोनवर टाकायची फाइल) सचिवांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, ते आपापल्या फोनवर घेतात.

आता गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की ज्या डेव्हलपरने आपली ओळख पटवून दिलेली नाही त्याचं अ‍ॅप सर्टिफाइड (गुगलची मान्यता असलेल्या) अँड्रॉइड फोनवर इन्स्टॉलच होणार नाही. मग ते प्ले स्टोअरवरून येवो, वेबसाइटवरून येवो की व्हॉट्सअ‍ॅपवरून. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये सुरुवात, २०२७ पासून हळूहळू बाकी जगात. म्हणजे आपल्याकडेही.

ओळखपत्र द्यायला माझी ना नाही. पण माझं अ‍ॅप माझ्या गिऱ्हाइकाच्या फोनवर जाणार, त्यात तिसऱ्याची परवानगी कशाला, हे काही डोक्यात शिरत नाही. नोंदणी करून टाकू, प्ले स्टोअरवर जाऊ, की सगळं वेबवर नेऊ? इथे कुणी या भानगडीतून गेलंय का?

पेठेतला
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एपीके टाकता आणि लोक घेतात, हे वाचूनच घाम फुटला. उद्या त्याच ग्रुपवर दुसऱ्या कुणी "नवीन दरपत्रक" नावाने एपीके टाकली तर तुमचे सचिव तीही घेतील की नाही? मग गुगलचं काय चुकलं?

मिसळ_विथ_तर्री
पहिल्याच प्रतिसादात पेठ पोचली. आता धागा शंभरी गाठणार. खुर्ची टाकून बसतो.

कृष्णाकाठ
@पेठेतला, आवृत्ती आली की मी प्रत्येकाला फोन करतो. सचिव मला आवाजावरून ओळखतात. आणि दुसऱ्या कुणी त्याच नावाची एपीके केली तरी ती माझ्या अ‍ॅपवर चढत नाही, माझी डिजिटल सही जुळत नाही म्हणून अँड्रॉइडच नकार देतं. ही सोय पहिल्यापासून आहे.

पेठेतला
वर चढणार नाही, शेजारी बसेल. सचिवाला दोन आयकॉनमधला फरक कळणार आहे का?

बँकेतली_बाई
मी एका बँकेच्या शाखेत आहे. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण सगळ्या शाखांत हेच चाललंय. लग्नसराई सुरू झाली की पत्रिकेच्या नावाने एपीके फिरायला लागतात. इतर वेळी आरटीओचं चलान, वीजबिल थकल्याची नोटीस, पीएम किसानचा हप्ता, केवायसी अपडेट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यातून अशाच लग्नाच्या आमंत्रणापायी १ लाख ९० हजार गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. आमच्या काउंटरवर येतात ते बातमीत येत नाहीत.

मागे एक निवृत्त शिक्षक आले होते. फोन माझ्या हातात दिला, म्हणाले पत्रिका उघडलीच नाही हो, नुसती पांढरी पाटी आली. अ‍ॅपच्या यादीत आयकॉन नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन एसएमएस वाचायची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते बघितलं, तिथे नाव नसलेलं एक अ‍ॅप बसलेलं. ओटीपी यांच्या फोनवर यायचा, तोच जसाच्या तसा परस्पर पुढे जायचा. सरांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. आयुष्यभर मुलांना "कुणाला सांगू नका" शिकवलेला माणूस.

म्हणून मला तरी हा नियम हवाय. तुम्ही कोडिंगवाले स्वातंत्र्याच्या गप्पा मारा, आम्हाला रोज १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावून द्यावा लागतो.

अनामिक_कोडर
बँकेतली_बाई, तुम्ही सांगताय ते सगळं खरं आहे. पण तुमच्याच उदाहरणात दोष कुठे आहे ते बघा. सरांच्या फोनमधल्या त्या अ‍ॅपला एसएमएस वाचता आले, म्हणून पैसे गेले. अ‍ॅप करणाऱ्याचं ओळखपत्र गुगलकडे असतं किंवा नसतं, त्याने ओटीपी वाचणं थांबत नाही.

आणि त्यावरचा इलाज आधीच आलाय. प्ले प्रोटेक्टने, म्हणजे अँड्रॉइडमधल्या गुगलच्या सुरक्षा तपासणीने, फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापुरात एक प्रयोग सुरू केला. ब्राउझर, मेसेजिंग अ‍ॅप, फाइल मॅनेजर अशा मार्गाने आलेलं अ‍ॅप एसएमएस मिळवणं, एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं किंवा स्क्रीन वाचून बटणं दाबू देणारी अ‍ॅक्सेसिबिलिटी यांपैकी काही मागत असेल तर इन्स्टॉलच होऊ द्यायचं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो भारतातही आणायचं जाहीर झालं. दूधवाल्याच्या अ‍ॅपला यातलं काहीच लागत नाही, ब्लूटूथ लागतं. म्हणजे चोर अडतो, कृष्णाकाठ अडत नाहीत. हा उपाय रोगावरचा आहे. नवीन नियम सरसकट सगळ्यांना रांगेत उभा करतो.

पेठेतला
सोसायटीच्या गेटवर वॉचमन नाव लिहून घेतो तेव्हा कुणी स्वातंत्र्य गेलं म्हणून ओरडत नाही.

रानवारा
वॉचमन सोसायटीने नेमलेला असतो हो. पगार सोसायटी देते, नको झाला तर बदलते. इथे वॉचमन बिल्डरचा, आणि बिल्डरचं स्वतःचं दुकानही गेटच्या आत.

मिसळ_विथ_तर्री
आणि त्या दुकानात ३० टक्क्यांपर्यंत कमिशन. :-)

नागपुरी_संत्रा
अन् वॉचमन नाव लिहून घेते, पण चोर खोटं नाव सांगते त्याचं काय? आपल्याकडे सिम कार्डाले ओळखपत्र लागते, बँक खात्याले केवायसी लागते. तरी फ्रॉडवाल्याइकडे सिम भी असते अन् खातं भी. कोणाच्या तरी नावावर काढलेलं, भाड्यानं घेतलेलं. डेव्हलपर खातं तसंच भाड्यानं भेटणार नाही कायले? नोंदणीचे पंचवीस डॉलर त्याइले काहीच नाही. फसन तो हा दूधवाला भाऊ, कारण तो खरं नाव देइन.

बँकेतली_बाई
भाड्याची खाती असतात, मान्य. पण खातं गोठवता तरी येतं. आज एक एपीके पकडली की तीच नाव बदलून संध्याकाळी पुन्हा फिरते. डेव्हलपरच बंद केला तर त्याच्या सगळ्या एपीके एका फटक्यात सगळ्या फोनवर अडतील. पुढच्या वेळी त्याला नवीन ओळख शोधावी लागेल. तेवढा खर्च तरी वाढेल की.

अनामिक_कोडर
हा मुद्दा मात्र तगडा आहे. मान्य.

फक्त तेच बटण दुसरीकडेही चालतं, एवढं लक्षात असू द्या. एका फटक्यात सगळ्या फोनवर अडवायची ताकद जिच्याकडे असेल, ती कंपनी कुठल्याही सरकारच्या सांगण्यावरून ती वापरू शकते.

सिंगापूरची_सून
माझं नाव निघालं म्हणून येते :-) सिंगापूर पहिल्या चार देशांत आहे, त्यामुळे तुमच्या आधी आम्ही.

इथली परिस्थिती जरा समजून घ्या. २०२३ मध्ये फसव्या अ‍ॅपमुळे लोकांचे पैसे एवढे गेले की बँकांनी स्वतःच कुंपण घातलं. फोनमध्ये बाहेरून टाकलेलं आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी घेतलेलं अ‍ॅप दिसलं की बँकेचं अ‍ॅप उघडतच नाही. माझ्या फोनचं आवाजाचं बटण मोडलंय, म्हणून मी एफ-ड्रॉइड नावाच्या प्ले स्टोअरबाहेरच्या दुकानातून बटणांची कामं बदलणारं एक अ‍ॅप घेतलं होतं. त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटी लागते. बँकेच्या अ‍ॅपने लाल पाटी दाखवली आणि आधी हे काढा म्हणून सांगितलं. हेल्पलाइनवरच्या मुलीला मी समजावून सांगत होते की याचा सोर्स कोड कुणीही वाचू शकतं. ती फार नम्रपणे म्हणाली, मॅडम, ते काढून टाका.

काढलं. आवाज स्क्रीनवरून कमीजास्त करते.

पण इथल्या शेजारच्या आजींना विचाराल तर त्या म्हणतील, बरं झालं. त्या आयुष्यात कधी एपीके टाकणार नाहीत, त्यांचं काहीच जात नाही.

आजीचा_बटवा
मी त्या आजींच्याच वयाची आहे आणि मी एपीके टाकते बरं का. न्यूपाइप. यूट्यूबवरची कीर्तनं जाहिरातीशिवाय ऐकायला. ऐन रंगात आलेल्या पूर्वरंगात गुटख्याची जाहिरात आली की जीव जातो. ते प्ले स्टोअरवर कधीच मिळणार नाही, नातवाने सांगितलं.

मिसळ_विथ_तर्री
आजी, साष्टांग नमस्कार. धाग्याच्या मानकरी तुम्हीच.

पेठेतला
गुटखा नव्हे, वेलची. जाहिरात कायद्याने वेलचीचीच असते.

रानवारा
एफ-ड्रॉइडचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण खरी कोंडी तिथे आहे.

एफ-ड्रॉइड २०१० पासून आहे. तिथे फक्त मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, अ‍ॅप्स मिळतात, खातं उघडावं लागत नाही. पद्धत अशी की ते मूळ कोड घेतात, स्वतःच्या यंत्रावर त्याची एपीके बांधतात आणि बहुतेक अ‍ॅप्सवर स्वतःचीच सही करतात. म्हणजे कोडमध्ये जे दिसतं तेच एपीकेत आहे याची खात्री वापरणाऱ्याला मिळते. प्ले स्टोअरवर ही खात्री नाही.

आता नवीन नियमात डेव्हलपरने स्वतःचं ओळखपत्र तर द्यायचंच, शिवाय आपल्या प्रत्येक अ‍ॅपच्या पॅकेजचं नाव (फोन ज्यावरून ते ओळखतो) आणि सहीची किल्ली यांची जोडी नोंदवायची. मग एफ-ड्रॉइडने काय करायचं? दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो अ‍ॅप्सची नावं स्वतःच्या नावावर नोंदवणं त्यांना पटत नाही, कारण ती मालकी त्यांची नाहीच. आणि फावल्या वेळात फुकट अ‍ॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाला जा, गुगलला पासपोर्ट दाखव, असंही ते सांगू शकत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी सरळ लिहिलं की हे असंच लागू झालं तर एफ-ड्रॉइड संपेल.

मी मराठी टायपिंगसाठी हेलीबोर्ड वापरतो. त्या कीबोर्डला इंटरनेटची परवानगीच नाही. मी टाइप केलेलं बाहेर जायची वाटच ठेवलेली नाही. अशी गोष्ट मला जिथून मिळते ते दुकान सुरक्षेच्या नावाखाली बंद पडणार असेल तर कुणाची सुरक्षा, हे विचारायला नको?

माडाची_सावली
आमच्याकडे गोव्यात कोकणीसाठी देवनागरी कीबोर्ड शोधताना मीपण तिथेच पोचले होते. कंपन्या मोठ्या भाषांचं आधी बघतात, लहान भाषांचं अशा फुकट काम करणाऱ्यांवरच चालतं.

वकिलीण
कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. लोकांना दंडाचा आकडा लक्षात राहिला, पण त्या आदेशात बरेच निर्देशही होते. त्यातला एक असा की अ‍ॅप डेव्हलपरना साइडलोडिंगने (प्ले स्टोअरबाहेरून) अ‍ॅप वाटण्यात गुगलने कोणत्याही प्रकारे आडकाठी करू नये. तो निर्देश आज टिकला असता तर कृष्णाकाठांना हा धागा काढावाच लागला नसता.

पण गुगल अपिलात गेली. २९ मार्च २०२३ ला एनसीएलएटीने (अपील न्यायाधिकरणाने) दंड कायम ठेवला आणि चार निर्देश रद्द केले. त्यात साइडलोडिंगचा होता, आणि इतरांची अ‍ॅप स्टोअर्स प्ले स्टोअरमधून मिळू द्या, हाही होता. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तेव्हाचा वाद गुगल दाखवते त्या इशाऱ्यांपुरता होता. धोक्याची पाटी लावून पुढे जाऊ देणं आणि पुढे जाऊच न देणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन नियमावर कुणी आयोगाकडे गेलं तर युक्तिवाद नव्याने करावा लागेल आणि माझ्या मते तो करण्यासारखा आहे.

पेठेतला
फोनपेचं इंडस अ‍ॅपस्टोअर आहे ना? फेब्रुवारी २०२४ मध्ये वाजतगाजत आलं, मराठीसकट १२ भारतीय भाषा. तिथे टाका.

अनामिक_कोडर
इंडस काय किंवा आणखी कुठलं काय, नवीन नियम दुकानाला लागू नाही, अ‍ॅपला आहे. इंडसवरून घेतलेल्या अ‍ॅपच्या डेव्हलपरलाही गुगलकडेच नाव नोंदवावं लागणार. दुकान वेगळं, चौकशीची खिडकी तीच.

नागपुरी_संत्रा
१ मार्च २०२४ आठवते का कोणाले? फीच्या भांडणात शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी, नोकरी, ९९एकर्स, सारे प्ले स्टोअरवरून गायब. सरकार मधात पडलं तेव्हा वापस आले. थे मोठे होते म्हणून मंत्र्यानं फोन उचलला. आमच्या भावाच्या दुधाले कोणता मंत्री येईन?

मिसळ_विथ_तर्री
दुधाला मंत्री येतो हो, निवडणुकीच्या वर्षी. :-)

बँकेतली_बाई
पण प्ले स्टोअरवर निदान तपासणी तरी असते. गुगलच म्हणते की इंटरनेटवरून थेट घेतलेल्या अ‍ॅप्समध्ये प्ले स्टोअरपेक्षा ५० पटींहून जास्त मालवेअर सापडतं.

रानवारा
मोजलं कुणी? गुगलने. आणि त्या ५० पटींत पायरेटेड गेम, लग्नपत्रिका आणि एफ-ड्रॉइड सगळे एकाच टोपलीत.

प्ले स्टोअरच्या तपासणीचं म्हणाल तर कर्जाची अ‍ॅप्स आठवा. पाच हजार कर्ज देऊन फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलणारी, मग नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवणारी. ती लग्नपत्रिकेतून आली नव्हती. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने प्ले स्टोअरवरून २,२०० हून जास्त कर्जाची अ‍ॅप्स काढली, हे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या भागवत कराडांनीच अर्थ राज्यमंत्री असताना राज्यसभेत सांगितलं. काढली ते चांगलंच. पण आत कशी आली होती? तिथे तर डेव्हलपरची नोंदणी होतीच.

बँकेतली_बाई
यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे त्याही तक्रारी येतात.

म्युनिकवासी
युरोपातून. इथे उलटा प्रवास चाललाय. अँड्रॉइड दार लावून घेतंय आणि आयफोनला दार उघडावं लागलंय.

इथल्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट या कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून युरोपियन युनियनमध्ये आयफोनवर दुसरी अ‍ॅप स्टोअर्स चालू झाली. मी एप्रिलमध्येच ऑल्टस्टोअर पाल हे त्यातलं एक दुकान घेतलं. घेताना एवढ्या पाट्या येतात की आपण काहीतरी बेकायदा करतोय असं वाटतं. आणि बाहेरच्या दुकानातलं अ‍ॅपही आधी अ‍ॅपलकडून नोटराइझ (तपासून मंजूर) होऊनच येतं. वर, वर्षाला दहा लाखांपुढच्या प्रत्येक पहिल्या इन्स्टॉलमागे अर्धा युरो, अशी फी लावली. कायद्याचे शब्द पाळायचे आणि जीव काढून घ्यायचा.

गंमत म्हणजे सुट्टीत पुण्याला आलं की फोनला कळतं. युरोपबाहेर नवीन काही टाकता येत नाही आणि ३० दिवसांच्या वर राहिलो तर आहे त्याचेही अपडेट बंद. आईकडे दीड महिना राहिलो तेव्हा हा अनुभव घेतला.

पेठेतला
पुण्यात येऊन अपडेट बंद झाल्याचं दुःख? इथे आम्ही बाराही महिने अपडेटेड असतो.

मिसळ_विथ_तर्री
आलंच. कसं आलं नाही म्हणत होतो.

वकिलीण
जपानमध्येही युरोपसारखा कायदा १८ डिसेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झालाय. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, तो मसुदाच राहिला.

कृष्णाकाठ
चर्चा खूप चांगली चाललीय, सगळ्यांचे आभार. पण माझी गाडी अजून फाट्यावरच उभी आहे. कुणीतरी सांगा, करू काय?

प्ले स्टोअरवर का नाही गेलो ते सांगतो. नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पूर्वी २० लागायचे. दुसरं, प्रत्येक संस्थेला पावतीवर आणि आयकॉनवर आपलं नाव आणि आपल्या दैवताचा फोटो पाहिजे. त्यामुळे मी प्रत्येकाचं वेगळं पॅकेज बांधतो. चाळीस अ‍ॅप्स सारखीच दिसणार, ती स्टोअरवर स्पॅम म्हणून उडवतील अशी भीती.

आणि कुणी "पीसीला केबल लावून एडीबीने टाका, ते चालूच राहणार आहे" असं सुचवणार असेल तर आधीच हात जोडतो. आमच्या एका सचिवांना चार्जरची पिनसुद्धा नातू लावून देतो.

नागपुरी_संत्रा
१२ परीक्षक? तुमच्यापाशी ४० सचिव आहेत ना भाऊ! सकाळ-संध्याकाळ रोज वापरतेत. एवढे इमानदार परीक्षक कोणत्या कंपनीपाशी नसन.

अनामिक_कोडर
आता कामाचं बोलू.

नोंदणी करायची म्हणजे प्ले स्टोअरवर जायचं असं नाही. फक्त बाहेर वाटणाऱ्यांसाठी वेगळं खातं ठेवलंय. ओळखपत्र, पत्ता, फोन, ईमेल आणि एकदाच २५ डॉलर. अ‍ॅपची तपासणी वगैरे त्यात नाही, नाव आणि किल्ली नोंदवायची. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी फुकटचं खातंही आहे, पण ते मोजक्याच फोनांपुरतं. तुमच्या संस्था आणि त्यांचे फोन धरले तर ते पुरणार नाही, शिवाय तुम्ही पैसे घेता.

तुमची खरी अडचण ती ४० पॅकेजेस. आजच्या पद्धतीने ४० नावं नोंदवावी लागतील आणि नवीन संस्था आली की एकेक वाढणार. ती एक करा. एकच पॅकेज, संस्थेचा कोड टाकला की नाव, दरपत्रक आणि दैवताचा फोटो सर्व्हरवरून एकदा उतरवून फोनमध्येच राहील. संकलन केंद्रावर रेंज नसली तरी अडणार नाही. आयकॉन मात्र सगळ्यांचा सारखा राहील, तेवढं सचिवांना पटवा.

रानवारा
नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगल थोडी मागेही सरकली, तेही सांगायला हवं. अनुभवी वापरकर्त्यांना धोका मान्य करून नोंदणी नसलेलं अ‍ॅप टाकता येईल असा एक लांबचा रस्ता ठेवू म्हणाली. फोनवर बोलत बोलत "हे दाबा, ते दाबा" करणाऱ्या भामट्याच्या दबावाखाली कुणी त्यातून जाऊ नये म्हणून तो मुद्दाम अवघड करणार. एफ-ड्रॉइडवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणूनच हे झालं. धंद्यासाठी त्याच्यावर विसंबू नका, पण आजीच्या न्यूपाइपला वाट राहील.

आजीचा_बटवा
अवघड म्हणजे किती अवघड? नातू बंगळूरला असतो.

रानवारा
आजी, तेव्हा इथेच विचारा. आम्ही आहोत.

बँकेतली_बाई
विचारा, पण "हे दाबा, ते दाबा" सांगणारा रानवाराच आहे ना याची खात्री करून घ्या :-)

सिंगापूरची_सून
कृष्णाकाठ, वेबवर जायचा विचार करत असाल तर आधी फॅट मशीन बघा. क्रोममधून ब्लूटूथ चालतं, पण ते लो-एनर्जीवालं. तुमची मशीन आणि प्रिंटर जुन्या सिरियल पद्धतीचे असतील तर ब्राउझरवर फार भरवसा टाकू नका.

कृष्णाकाठ
बहुतेक जुनीच आहेत. प्रिंटर तर सगळेच. मग संकलनाचं अ‍ॅपच ठेवतो.

अनामिक_कोडर, एकच पॅकेज करायचं पटलं. नोंदणीही करून टाकतो, २०२७ ची वाट बघत बसत नाही. मनाला पटलंय असं नाही, पण सकाळी सहाला चाळीस गावांत दूध दारात येऊन उभं राहतं, तिथे तत्त्व घेऊन काय करू. जुन्या पॅकेजमधला डेटा नव्यात न्यायचं काम मोठं आहे. ते उन्हाळ्यात, दूध कमी असताना करीन.

अनामिक_कोडर
छान. एक सांगायचं राहिलं. सहीच्या किल्लीची फाइल आणि पासवर्ड निदान दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक लॅपटॉपच्या बाहेर. नाव आणि किल्लीची जोडी नोंदवल्यावर किल्ली हरवली तर अपडेट देता येणार नाही, सगळ्यांना नवीन अ‍ॅप टाकायला लावावं लागेल.

वकिलीण
आणि पैसे घेता म्हणजे व्यवसाय आहे. खातं तुमच्या वैयक्तिक नावावर काढताय की फर्मच्या, ते आधी ठरवा. फर्मच्या नावाने काढायचं तर डी-यू-एन-एस क्रमांक (व्यवसायाची ओळख पटवणारा) लागतो, तो मिळायला वेळ जातो.

कृष्णाकाठ
फर्म आहे, बायकोच्या नावावर. तिला विचारतो.

शेवटचा प्रश्न. एका संस्थेच्या अध्यक्षांनी आयफोन घेतलाय आणि त्यांना त्यावर आपलं अ‍ॅप पाहिजे म्हणतात. अँड्रॉइडसारखं पाठवून देता येईल का?

म्युनिकवासी
भारतात नाही. फुकट अ‍ॅपल आयडीने कॉम्प्युटरवरून टाकलेलं अ‍ॅप सात दिवसांनी उघडायचं बंद होतं, मग परत टाकायचं. नाहीतर वर्षाला ९९ डॉलरचं डेव्हलपर खातं. अध्यक्ष संकलनाला बसतात का?

कृष्णाकाठ
छे हो. त्यांना रोजचे एकूण लिटर आणि दहा दिवसांच्या बिलाचा आकडा बघायचा असतो.

म्युनिकवासी
मग वेब पान करून द्या आणि होम स्क्रीनवर चिकटवा. अध्यक्षांना अ‍ॅपच वाटेल.

पेठेतला
दैवताचा फोटो विसरू नका.